घरी विणलेला पाग स्वस्त पडतो का?

आमच्या खाडीकाठच्या गावांत पडवीच्या आढ्याला एक पाग टांगलेला नाही असे घर सापडणे कठीण. आम्ही कोळी नव्हे, शेतकरी. भाताचे चार तुकडे, वीस-बावीस हापूसची कलमे, दोन गाई, एवढा आमचा पसारा. पण राजापूर तालुक्यात खाडीला लागून राहायचे आणि मासळी बाजारातून विकत आणायची, हे कोणत्याही घराला परवडत नाही आणि आवडतही नाही. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहून चार-सहा वेळा पाग टाकला की दोन वेळच्या कालवणापुरती बोय मिळतात, कधी शिंगाळा, कधी मूठभर कोळंबी. नशीब असले तर तांबोशी.

देशावरच्या ज्या भगिनींनी पाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाग म्हणजे एका माणसाने हाताने फेकायचे गोल जाळे. वर शेंडी, शेंडीला लांब दोरी, आणि खाली घेराला शिशाच्या मण्यांची माळ. फेकताना तो छत्रीसारखा उघडला पाहिजे. पाण्यावर पडला की शिशाच्या वजनाने घेर तळाला जातो आणि आतली मासळी कोंडली जाते. घेराची कड आत वळवून ठिकठिकाणी बांधलेली असते, त्याचे खिसे होतात. दोरी हळूहळू ओढली की मासे त्या खिशांत येऊन बसतात.

पूर्वी पाग विकत आणतात ही गोष्टच ठाऊक नव्हती. ज्याच्या घरी पाग, त्याच्या घरी तो विणणारा म्हातारा. आता तालुक्याच्या बाजारात तयार पाग मिळतात, आणि मुले तर मोबाईलवर मागवून घेतात. त्यामुळे घरोघरी एक वाद सुरू झाला आहे. म्हातारी माणसे म्हणतात, घरी विणला तर दोऱ्याच्या पैशांत पाग होतो, विकत कशाला? तरुण म्हणतात, विणण्यात महिने घालवण्यापेक्षा तयार आणा. आमच्या घरातही हा वाद झाला, आणि घरच्या हिशेबाची वही माझ्याकडे असल्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात पडला. तो हिशेब मी तीन वर्षे ठेवला. तोच आज तुमच्यापुढे मांडते आहे.

निमित्त झाले २०२१ सालच्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाचे. त्या वादळाने कोकण किनाऱ्यावर काय केले ते सर्वांना माहीत आहे. आमची चार मोठी कलमे मुळासकट आडवी झाली आणि झाडावरचा उरलासुरला आंबा मातीत गेला. पडवीवर फणसाची फांदी पडली, कौले फुटली आणि खाली टांगलेला मामंजींनी विणलेला पाग कौलांच्या धारांनी चिंध्या झाला. त्या वर्षी हातात पैसा नव्हता. कौले आणायची, भाताचे बी आणायचे, थोरल्याची आय.टी.आय.ची फी भरायची. अशा वेळी पागाला एकोणीसशे रुपये घालायचे की नाही, हा प्रश्न लहान नव्हता.

मामंजी म्हणाले, "शिसं आहे जुन्या पागाचं. दोरा तेवढा आणून द्या, गणपतीपर्यंत पाग देतो." तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर.

थोरला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला डोळ्यांनी दिसतं कुठे? तयार आणू या."

मामंजी काही बोलले नाहीत. बांबूची सुई आणि पट्टी काढून तासायला बसले. मी यांना राजापूरहून दोरा आणायला सांगितले आणि वहीत नवे पान उघडले.

प्रथम खर्चाचे सांगते. दोरा लागला साडेतीनशे ग्रॅम, सहाशे रुपये किलोच्या भावाने २१० रुपयांचा. शेंडीची आणि घेराची दोरी मिळून १२० रुपये. शिसे आमच्याकडे होते, पण ज्याला विकत घ्यावे लागेल त्याला आमच्या बाजारात तीन किलोचे त्या वेळी ७२० रुपये पडत होते. म्हणजे सगळे नवे घेतले तर घरच्या पागाला १,०५० रुपये, आणि तयार पाग १,९०० रुपये. वरवर पाहता साडेआठशे रुपये वाचले. म्हातारी माणसे एवढ्यावरच थांबतात आणि म्हणतात, बघा, निम्म्यात झाला!

पण विणणाऱ्या हातांचे काय? ते कुणी मोजत नाही. मी मोजायचे ठरवले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मामंजी पडवीत विणायला बसत. मी तांदूळ निवडत शेजारी बसे आणि घड्याळ लावून गाठी मोजी. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला एक गाठ. मामंजी मिनिटाला आठ गाठी घालत. तरुणपणी याहून जास्त घालत असत, असे सासूबाई म्हणाल्या.

आता पागाची रचना पाहा. शेंडीपाशी साठ डोळ्यांनी सुरुवात होते. दर सात ओळींनी वीस डोळ्यांची वाढ द्यायची. अशी वाढ देत देत दीडशे ओळी झाल्या की घेराला ४८० डोळे येतात आणि पाग सुमारे साडेसहा हात लांब होतो. डोळ्याची बाजू एका बोटाएवढी, म्हणजे अंदाजे दोन सेंटिमीटर. सुरुवातीचे साठ आणि शेवटचे चारशे ऐंशी यांची सरासरी २७०. त्याला दीडशे ओळींनी गुणले की होतात ४०,५०० गाठी! मला स्वतःलाच खरे वाटेना. पुन्हा मांडून पाहिले. तेवढेच आले. मिनिटाला आठ या वेगाने नुसत्या विणायला ८४ तास लागतात. पुढे घेराला शिसे ओवणे आणि खिसे बांधणे यांना आणखी दहा तास. एकूण ९४ तास.

साडेआठशे रुपयांना चौऱ्याण्णवने भागा. तासाला नऊ रुपये पडतात. आमच्याकडे भाताच्या लावणीला बाईमाणसाला दिवसाला चारशे रुपये मजुरी होती, म्हणजे तासाला पन्नास. पाग विणणाऱ्या कुशल हाताला तिच्या पाचव्या हिश्श्याएवढीही मजुरी सुटत नाही.

यावर कुणी म्हणेल, पावसाळ्यातल्या संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला कोण मजुरीला बोलावतो आहे? तो वेळ फुकटचाच. हे म्हणणे अगदी खोटे नाही. मीही तसेच धरून चालले होते. पण वेळ फुकटचा असला तरी मासळीचा हंगाम थांबत नाही. गणपती त्या वर्षी दहा सप्टेंबरला आले. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, दिव्याच्या उजेडात गाठ दिसेना. तोपर्यंत ऐंशी ओळी झाल्या होत्या. ओळी निम्म्याहून अधिक वाटतात खऱ्या, पण खालच्या ओळी लांब असल्यामुळे काम तिसऱ्या हिश्श्याएवढेच झाले होते. त्या गतीने दिवाळी तरी उजाडली असती. आणि पाग घरात असला की आमचे आठवड्याला निदान तीनशे रुपये मासळीचे वाचतात. गणपती ते दिवाळी आठ आठवडे. तीनशे गुणिले आठ, चोवीसशे. म्हणजे विणण्याची वाट पाहत बसण्याची किंमत तयार पागापेक्षा जास्त झाली असती. म्हणून सप्टेंबरमध्येच आम्ही तयार पाग आणला. मामंजींना ते आवडले नाही. दोन दिवस त्यांनी त्या पागाकडे पाहिले नाही, आणि तिसऱ्या दिवशी आढ्याचा काढून मांडीवर घेऊन त्याचे दोष काढत बसले.

दोष त्यांनी खरे काढले. आमचा तो तयार पाग एकतंतू तंगूसाचा होता. काचेसारखा दोरा. यंत्रावर सरळ विणलेल्या जाळीच्या पट्ट्या तिरक्या कापून शिवलेल्या होत्या. त्यामुळे तो हाताने वाढ दिलेल्या पागासारखा पूर्ण गोल उघडत नाही, शिवणीपाशी ओढ बसते. गुणही आहेत. तंगूस पाण्यात दिसत नाही, पाणी पीत नाही, पटकन तळाला जातो. वळलेला नायलॉन दोरा ओला झाला की जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. फेकणाऱ्याच्या खांद्याला हा फरक लगेच कळतो, असे हे म्हणतात.

इथे थोडे जुने सांगायला हवे, कारण घरी विणणे स्वस्त असते ही समजूत जुन्या काळातून आलेली आहे आणि त्या काळी ती खरी होती. मामंजींच्या वडिलांच्या वेळी पाग तागाच्या सुताचा असे. सूत घरी वळायचे, जाळे घरी विणायचे, ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते रंगवायचे, म्हणजे ते लवकर कुजत नसे. तरीही रोज गोड्या पाण्यात धुऊन वाळवावे लागे. एक दिवस ओले राहिले की कुजायला लागलेच. तेव्हा बाजारात पर्याय नव्हता. मग नायलॉन आले. १९३५ साली अमेरिकेत एका प्रयोगशाळेत हा धागा प्रथम तयार झाला. आपल्याकडे मासेमारीच्या तंत्राचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची संस्था १९५७ साली कोचीला निघाली, आणि पुढच्या काळात नायलॉनची जाळी किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. नायलॉन कुजत नाही. त्यामुळे सुरुवातीला विणणाऱ्याचा फायदाच झाला, कारण एकदा घेतलेले कष्ट बरीच वर्षे टिकू लागले. पण त्याच धाग्याची जाळी यंत्रावर स्वस्तात विणता येऊ लागली आणि चाळीस हजार गाठींचे मोल बाजारात उतरले. मामंजींच्या हातात काही उणे आले नाही. मोजमापच बदलले.

आता मधला एक मार्ग सांगते, तो पुष्कळांना माहीत नसतो. बाजारात पागाचे नुसते अंग मिळते, शिसे न लावलेले. आमच्याकडे ते साडेसातशेला होते. जुन्या पागाचे शिसे काढून त्याला लावायचे, दोरी १२० रुपयांची नवी घ्यायची. आठशे सत्तर रुपयांत आणि दहा तासांच्या कामात पाग तयार. पागातली सर्वांत महाग वस्तू शिसे, आणि शिसे झिजत नाही की कुजत नाही. फाटलेला पाग उकिरड्यावर टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. ती सातशे रुपये टाकून देतात. पाग कितीही जुना होऊ दे, त्याचे शिसे काढून डब्यात ठेवावे.

शिसे जुनेच वापरायचे झाले तर घरी विणलेला पाग ३३० रुपयांत होतो. पण त्याची तुलना मग एकोणीसशेशी करून चालणार नाही, या आठशे सत्तरशी करायला हवी. फरक ५४० रुपयांचा, आणि त्यासाठी विणण्याचे ८४ तास. तासाला साडेसहा रुपयेही पडत नाहीत.

शिशाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. पैसे वाचवायला काही घरी जुन्या बॅटरीचे शिसे आणून चुलीवर वितळवतात आणि मणी ओततात. हे करू नका. शिसे विषारी आहे. त्याची वाफ आणि धूळ पोटात जाते, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा परिणाम होतो, गरोदर बाईला आणि तिच्या बाळाला ती फार वाईट. बॅटरीत शिवाय तेजाब असते. आमच्या वाडीत एकाने घरातल्या कढईत शिसे वितळवले आणि नंतर तीच कढई घासून मासे तळायला घेतली, हे ऐकून मी हबकून गेले. तयार मणी किलोवर मिळतात, तेच घ्यावेत. ओवून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, मुलांना मणी तोंडात घालू देऊ नयेत. लोखंडी कड्या लावणारेही आहेत. त्या स्वस्त पडतात, पण खाऱ्या पाण्यात गंजतात आणि गंजलेली कडी दोरा कापते.

हा सगळा हिशेब मी एका रात्री जेवणे झाल्यावर मामंजींना वाचून दाखवला. आमच्या घरी पैशांच्या गोष्टी त्यांच्यापासून लपवून ठेवायची पद्धत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. गाठींचा आकडा ऐकून त्यांना मौज वाटली. "चाळीस हजार? मग मी जन्मभरात किती घातल्या असतील गं?" मग म्हणाले, "सूनबाई, तुझा हिशेब बरोबर आहे. पण तू पाग विणायचा हिशेब केलास, पाग राखायचा नाही केलास. तो पाग फाटेल तेव्हा बघ."

पाग फाटतोच. खाडीत खडकाला कालवे असतात, त्यांची धार सुरीसारखी. कांदळांची मुळे असतात. चिंबोरी अडकली की नांग्यांनी चार डोळे तोडल्याशिवाय सुटत नाही. पागाला पडलेले वीतभर भोक लगेच शिवले नाही तर पुढच्या ओढीला ते हातभर होते.

योगायोग असा, की आम्ही ज्या दिवशी पाग आणला त्याच दिवशी शेजारच्या वाडीतल्या एका घराने त्याच दुकानातून तसाच पाग आणला. त्यांच्याकडे विणकाम जाणणारे कुणी उरले नव्हते. भोक पडले की ते सुतळीने आवळून बांधत. आवळलेल्या जागी जाळे चुणते, पाग उघडत नाही, पुढच्या वेळी तो तिथेच अडकून आणखी फाटतो. सात महिन्यांत त्यांनी तो पाग काढून टाकला आणि जुने शिसे लावून नवे अंग घेतले. पुढे असेच. २०२४ च्या मेपर्यंत म्हणजे तीन हंगामांत त्यांना पहिला पाग आणि वर तीन नवी अंगे लागली. १,९०० अधिक तीन वेळा ८७०, एकूण ४,५१० रुपये.

आमचा पाग तिन्ही हंगाम तोच चालला. दर हंगामाला सुमारे अडतीस वेळा तो दुरुस्त करावा लागला. मी प्रत्येक वेळी वहीत एक रेघ ओढत असे. एका दुरुस्तीला सरासरी अर्धा तास. तीन हंगामांचे मिळून ५७ तास, आणि दोरा सारा मिळून दीडशे रुपयांचा. म्हणजे आमचा खर्च २,०५०. शेजाऱ्यांपेक्षा २,४६० रुपयांनी कमी. भागून पाहा, तासाला ४३ रुपये सुटले. लावणीच्या मजुरीच्या जवळपास. आणि तेही घरबसल्या, पावसात कंबर न वाकवता.

तर माझ्या वहीप्रमाणे उत्तर असे निघते. नवा पाग घरी विणण्यात आता पैसे वाचत नाहीत. फाटलेला पाग घरी नीट करण्यात वाचतात. अडचण एवढीच, की ज्याला पाग विणता येत नाही त्याला तो नीटही करता येत नाही. भोकाभोवतीचे तुटके डोळे कुठून कापायचे, कोणत्या टोकापासून सुरुवात करायची, वाढीचा डोळा कुठे होता, हे ज्याने एकदा तरी शेंडीपासून घेरापर्यंत पाग विणला आहे त्यालाच कळते. तंगूसाची तर आणखी एक खोड आहे. तो गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सरकते. दोन वेढ्यांची गाठ घालावी लागते. मामंजींनी ती आपली आपणच शोधून काढली, आणि तंगूसाला चार शिव्याही दिल्या.

म्हणून तो ऐंशी ओळींवर राहिलेला पाग पुढे थोरल्याला पुरा करायला लावला. २०२२ च्या पावसाळ्यात. तो नाखूश होता. पहिल्या आठवड्यात मिनिटाला दोन गाठी, त्यातली एक सुटणारी. मामंजींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, काळा चष्मा लावून ते शेजारी बसत आणि डोळ्यांनी न बघता बोटांनी चाचपून सांगत, "इथे डोळा मोठा झाला. पट्टी सैल धरलीस." गणपतीपर्यंत मुलगा पाचावर आला. पाग पुरा झाला तेव्हा नवरात्र बसले होते. तो पाग मामंजींनी आमच्या वन्संना पाठवून दिला. त्यांचे सासर नदीकाठी आहे, आणि लग्नात त्यांना दिलेला पाग कधीच विरून गेला होता. तो माझ्या हिशेबात कुठे मांडायचा ते मला समजले नाही. मी दोऱ्याचे दोनशे दहा रुपये 'माहेरचा आहेर' या सदरात लिहिले.

आता आंब्याचे सांगते, कारण मिळकत खरी तिथे निघाली, आणि ती आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हती. कोकणात आंबा झेल्याने उतरवतात. लांब काठीला कडी, कडीला जाळीची पिशवी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला तर घरोघरी झाला आहे. झेल्याची काठी आणि कडी वर्षानुवर्षे टिकतात. फाटते ती पिशवी. आणि भर हंगामात पिशवी फाटली की आंबा खाली पडून डागतो. २०२३ च्या मार्चमध्ये शेजारच्या बागायतदारांनी मामंजींकडे तीन पिशव्या विणायला दिल्या. एका पिशवीला सातशे-एक गाठी, दीड तासाचे काम, जाड दोरा पंधरा रुपयांचा. त्यांनी होऊन नव्वद रुपये एकेकीचे दिले. पंचाहत्तर रुपये दीड तासात, तासाला पन्नास. पाग विणण्याच्या नऊ रुपयांपुढे हे केवढे! त्या हंगामात सात पिशव्या गेल्या. मामंजी आता पाग विणत नाहीत, पण माघ लागला की सुई तासायला बसतात.

जुन्या जाळ्याचाही उपयोग सांगून टाकते. पागाचे अंग अगदीच विरले की शिसे काढून घ्यावे आणि जाळी काकडी-पडवळाच्या मांडवाला ताणावी. वेल छान चढतो. कोंबड्यांच्या खुराड्यावर घालावी, मिरचीच्या वाफ्याला कुंपण करावे. मात्र फाटके तुकडे खाडीत फेकू नयेत. नायलॉन कुजत नाही, ते पाण्यात राहून मासे आणि चिंबोऱ्या मारत राहते, आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही. उन्हातही ते सतत ठेवू नये. ऊन नायलॉनला खाते. पाग धुऊन सावलीत वाळवला तर एक हंगाम जास्त जातो, हे आमच्या सासूबाईंचे म्हणणे, आणि आमच्या पागाकडे पाहता ते मला पटते.

डोळ्याच्या मापाबद्दलही बोलायला हवे. बाजारात अर्ध्या बोटाच्या डोळ्याचे पाग मिळतात आणि त्यांत पोत्याने बारकी मासळी येते. मामंजी त्याला हात लावू देत नाहीत. आज करंगळीएवढी बोय धरली तर दिवाळीनंतर खाडीत टाकायचे काय? चढणीच्या दिवसांतही आमचा पाग आढ्यालाच असतो. मासे अंडी घालायला वर चढत असतात. शिवाय लावणीच्या धांदलीत पागायला जायला घरात रिकामे कोण असते?

परवा वहीत पाहिले तेव्हा या वर्षीच्या झेल्याच्या पिशव्यांची मागणी अकरावर गेली आहे. मामंजींच्याने एवढ्या व्हायच्या नाहीत. सहा ते करणार, पाच थोरला. दर पिशवीला नव्वदच घ्यायचे की शंभर, यावर आजोबा-नातवाचे अजून जमलेले नाही. जाड दोरा संपला आहे. शनिवारी राजापूरला जाऊन आणायचा आहे.